संरक्षक स्क्रिप्ट आपल्याच माणसांना हाकलते तेव्हा: एमआयआरसीमधला पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

आयआरसी या लेखी गप्पांच्या जुन्या व्यवस्थेत चॅनलवर (गप्पांच्या खोलीत) फ्लड, म्हणजे ओळींचा मारा, अडवायला एमआयआरसी या आयआरसी प्रोग्राममध्ये स्क्रिप्ट टाकायची आणि तिने चांगल्या सदस्यांनाच बाहेर काढायचं, ही तक्रार मराठवाड्यातल्या मंडळींकडून एकदा येऊन थांबत नाही. जुनी स्क्रिप्ट काढून नवी टाकतात, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. कारण बहुतेक वेळा बिघाड स्क्रिप्टमध्ये नसतो, तिच्यातल्या आकड्यांत असतो. हे आकडे ठरवले गेले ते इंग्रजीत लिहिणाऱ्या लोकांसाठी, जिथे प्रत्येकाचा आयपी पत्ता वेगळा असतो आणि लाईट सहसा जात नाही. आपल्याकडे मजकूर देवनागरीत, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून आणि लाईटचा भरवसा नाही. तेच आकडे इथे चालणार कसे?

खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत कराव्या लागतील.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा. दोन-तीन एकदम असू शकतात.

- सदस्य मराठीत लांबलचक प्रश्न टाकतो आणि मध्येच किक बसते, म्हणजे त्याला चॅनलबाहेर काढलं जातं. कारणात फ्लड असं येतं.
- सेलूचा मुलगा आत आला की परभणीची मुलगी बाहेर जाते. कारणात क्लोन असं येतं.
- लाईट येते, पाच-सात जण एकदम परत येतात आणि सगळ्यांना बॅन (प्रवेशबंदी) लागतो.
- खरा फ्लड येतो तेव्हा स्क्रिप्ट गप्प बसते.
- फ्लड आला की तुम्हीच बाहेर फेकले जाता. सर्व्हर कारण देतो: एक्सेस फ्लड.
- कोणीतरी एकच ओळ टाकतो आणि तीन-चार जणांचं कनेक्शन त्याच क्षणी तुटतं.
- बॅनची यादी भरली म्हणून नवा बॅन लागत नाही.

आधी लॉग वाचा

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं, आणि हेच कोणी करत नाही. ऑल्ट आणि ओ दाबून ऑप्शन्स उघडा, आयआरसी विभागात लॉगिंग चालू करा आणि वेळ सेकंदांसह नोंदली जाईल असं करा. सेकंद नसतील तर ओळी दोन सेकंदांत आल्या की चाळीस सेकंदांत, हे कळणार नाही आणि पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

किक कोणाच्या निकने (टोपणनावाने) झाली ते पाहा. तुमच्या, दुसऱ्या ऑपच्या (चॅनल सांभाळायचे अधिकार असलेल्याच्या), की नेटवर्कच्या चॅनसर्व या सेवेच्या? निम्म्या वेळा दोष दुसऱ्याच ऑपच्या मशीनवरच्या स्क्रिप्टचा असतो आणि आपण आपली खोलत बसतो. दोन ऑप आपापली स्क्रिप्ट चालवत असतील तर एकाच ओळीला दोन किक आणि दोन बॅन लागतात. त्यातल्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये ‘मला किक करणाऱ्याला उलट किक’ असा भाग असेल तर दोन्ही स्क्रिप्ट एकमेकींशी भांडत बसतात. नियम एकच ठेवा: स्वयंचलित किक एकाच जागेवरून होईल, बाकी ऑप हाताने काम करतील. उलट किकचा भाग तर सगळ्यांनीच काढून टाकावा.

स्क्रिप्ट गप्प बसत असेल तर

/रिमोट ऑन लिहा, त्याने स्क्रिप्ट चालू होतात. आधीपासून चालू असेल तर काही बिघडत नाही. मग त्या क्षणी तुम्ही खरोखर ऑप होता का ते लॉगमध्ये पाहा. नेट तुटून जोडलं गेलं, निकसर्वला (निकची नोंदणी सांभाळणाऱ्या सेवेला) पासवर्ड गेला नाही आणि चॅनसर्वने ऑप दिलं नाही, तर स्क्रिप्ट किकची आज्ञा पाठवते आणि सर्व्हर ती नाकारतो. नेटवर्क सॅसलला (जोडणी होतानाच ओळख देण्याच्या पद्धतीला) आधार देत असेल तर ओळख सॅसलने द्या. म्हणजे चॅनलमध्ये शिरण्याआधीच ओळख पटलेली असते.

यानंतरचं कारण सर्वांत जास्त आढळतं. एमआयआरसी एका स्क्रिप्ट फाइलमध्ये एका घटनेसाठी पहिला जुळणारा भागच चालवतं. वर स्वागताची स्क्रिप्ट आणि खाली फ्लडची स्क्रिप्ट एकाच फाइलमध्ये चिकटवली आणि दोन्हींत ‘ऑन टेक्स्ट’ असेल, तर खालची कधीच चालत नाही. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. ऑल्ट आणि आर दाबून संपादक उघडा, प्रत्येक स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि /लोड -आरएस ने स्वतंत्र चढवा.

‘ऑन टेक्स्ट’ फक्त साधा मजकूर पकडतं हेही लक्षात ठेवा. मी-कमांडने आलेल्या ओळींसाठी ‘ऑन ॲक्शन’ लागतं, नोटिससाठी ‘ऑन नोटिस’, सीटीसीपीसाठी (पिंगसारख्या, आपोआप उत्तर जाणाऱ्या विनंत्यांसाठी) आणखी वेगळा भाग. त्रास देणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो नोटिसचा मारा करतो.

तुम्हीच एक्सेस फ्लडने बाहेर पडत असाल तर

आयआरसीचं मूळ मानक, 1993 चं आरएफसी 1459, सर्व्हरने क्लायंटचा वेग कसा आवरावा ते सांगतं. प्रत्येक संदेशामागे दोन सेकंदांचा दंड, आणि दंड दहा सेकंदांच्या पुढे गेला की सर्व्हर तुमच्या ओळी वाचायच्या थांबवतो. म्हणजे पाचेक ओळी झटकन जातात, नंतर दोन सेकंदांना एक. तरी तुमची स्क्रिप्ट पाठवतच राहिली तर रांग भरते आणि सर्व्हर दार लावतो. नेटवर्कागणिक आकडे बदलतात, तत्त्व हेच.

आता बघा: वीस बनावट निकांनी पिंग पाठवले आणि स्क्रिप्टने प्रत्येकाला ‘तुम्हाला इग्नोर केलं आहे’ असं कळवलं, तर वीस पिंगांची उत्तरं आणि वीस सूचना मिळून चाळीस ओळी. हल्ला त्याचा, फ्लड तुमचा. सूचना देणाऱ्या सगळ्या ओळी स्क्रिप्टमधून काढा. सीटीसीपीची उत्तरं सर्वांची मिळून दहा सेकंदांत तीनवर थांबवा. त्यापुढे /इग्नोर -टीयू60 *!*@* दिलं की साठ सेकंद सगळे सीटीसीपी मुकाट गिळले जातात आणि बाहेर एक ओळही जात नाही.

पण इग्नोर तुमच्या मशीनवर होतं, डेटा तुमच्या लाइनवरून आलेलाच असतो. शेतातल्या वस्तीवर एक कांडी रेंज असेल तर तेवढ्यानेही लाइन बसते. तिथे सर्व्हरवरच अडवा. लिबेरा चॅट या नेटवर्कवर स्वतःच्या निकला +आर, मोठ्या लिपीतला, लावला की नोंदणी नसलेल्यांचे खासगी संदेश येत नाहीत. +जी लावला की तुम्ही परवानगी दिलेल्यांचेच येतात.

देवनागरी आणि बाइटचा हिशोब

हा भाग नीट समजून घ्या, कारण मराठी चॅनलवरच्या चुकीच्या किकचं हे मुख्य कारण आहे आणि तयार स्क्रिप्टमध्ये याचा विचार जवळपास कुठेच नसतो.

आयआरसीची एक ओळ शेवटच्या खुणांसह 512 बाइटपलीकडे जाऊ शकत नाही. त्यातच निक, पत्ता आणि चॅनलचं नाव बसतं, म्हणून मजकुराला साधारण 420 ते 450 बाइट उरतात. यूटीएफ-8 मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीत प्रत्येक वर्णखुणेला तीन. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. ‘लातूर’ 15 बाइट. ‘छत्रपती संभाजीनगर’ मधल्या जागेसह 49 बाइट. म्हणजे एका ओळीत जेमतेम दीडशे खुणा. त्यापुढचं एमआयआरसी तोडून पुढच्या ओळीत पाठवतं.

एखाद्याने आपल्या लिनक्स मशीनची अडचण सविस्तर, सहाशे खुणांत लिहिली, तर एंटर एकदाच दाबूनही चॅनलवर चार-पाच ओळी एका दमात येतात. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ‘पाच सेकंदांत चार ओळी’ असा उंबरठा असेल तर त्याला किक बसणारच. मन लावून प्रश्न लिहिणारा माणूस बाहेर आणि एका शब्दाची बडबड करणारा आत, असं उफराटं चित्र तयार होतं. नवा मुलगा असा एकदा बाहेर काढला गेला की पुन्हा विचारायला येत नाही, म्हणून हे आधी दुरुस्त करा.

ओळींचा उंबरठा दहा सेकंदांत आठ ठेवा. सर्व्हरच्या वर सांगितलेल्या वेगमर्यादेत एक माणूस दहा सेकंदांत दहाच्या आसपास ओळी पाठवू शकतो. तेव्हा आठवर खरा फ्लड अडकतो आणि चार-पाच ओळींचा प्रश्न किकमधून वाचतो. बाइटची मर्यादा असेल तर ती सरळ तिप्पट करा. एमआयआरसीची स्वतःची फ्लड तपासणीही बाइट मोजते. तीही ऑप्शन्समध्ये आयआरसी विभागातच आहे, तिथला आकडा विसरू नका.

एमआयआरसी 6.35 सारख्या जुन्या आवृत्तीत लांबी मोजणारं ‘लेन’ देवनागरीचे बाइट मोजायचं. आवृत्ती 7 पासून युनिकोड आलं आणि ते अक्षरखुणा मोजू लागलं. तीच स्क्रिप्ट, तोच आकडा, दोन मशीनवर दोन वागणुकी होतात त्या यामुळे.

क्लोन आणि सामायिक पत्ता

क्लोन म्हणजे एकाच पत्त्यावरून आलेले अनेक निक, आणि स्क्रिप्ट त्यांना एकच माणूस समजते. मोबाइल कंपन्या आयपीव्ही-4 चे पत्ते पुरत नाहीत म्हणून एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. बाहेरून पाहणाऱ्याला सेलूचा आणि परभणीचा सदस्य एकाच दारातून आल्यासारखे दिसतात. कॉलेजच्या वसतिगृहात एका वाय-फायवर बसलेल्या मुलांचंही तसंच.

क्लोनची मर्यादा दोनवर असेल तर सहावर न्या, नाहीतर बंद करा. आपल्या भागात क्लोन तपासणीचा फायदा कमी आणि इजा जास्त, असं स्पष्ट मत आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॅनचा प्रकार तपासा. प्रकार 2 मध्ये पूर्ण पत्त्यावर बॅन लागतो, म्हणजे त्या पत्त्यामागचे सगळे गेले. प्रकार 4 मध्ये आयपीचा शेवटचा भागही तारांकित होतो, म्हणजे 256 पत्ते एका फटक्यात. चौथा प्रकार कुठे दिसला तर तो आधी काढा.

सर्वांत पक्का उपाय नोंदणीचा. लिबेरावर बॅन पत्त्याऐवजी खात्यावर लावता येतो: $ए: आणि पुढे खात्याचं नाव. दुसऱ्या बाजूने, +क्यू $~ए लावलं की नोंदणी न केलेले आत येऊन वाचू शकतात, पण लिहू शकत नाहीत. फ्लड चालू असतानाची वीस मिनिटं हेच लावून ठेवा. स्क्रिप्टने चाळीस किक मारण्यापेक्षा हे एक पाऊल जास्त काम करतं आणि निष्पाप कोणी बाहेर जात नाही.

आयपीव्ही-6 वर गणित उलटं आहे. तिथे एकेका ग्राहकाला साधारणपणे /64 एवढा पत्त्यांचा मोठा तुकडा मिळतो. एकाच पत्त्यावर बॅन लावला तर तो शेवटचा भाग बदलून लगेच परत येतो. तिथे पूर्ण /64 वर लावा.

लाईट, नेटस्प्लिट आणि साचलेले बॅन

लाईट येते, राउटर एकदम सुरू होतात, आणि एका गावातले सगळे एका मिनिटात परत येतात. नेटवर्कचे दोन सर्व्हर तुटून जुळले तरी तसंच होतं. त्याला नेटस्प्लिट म्हणतात. प्रवेशाचा उंबरठा तीन-चार असेल तर स्क्रिप्ट याला हल्ला समजते. त्यापेक्षा तो उंबरठा काढून चॅनलला +जे 8:10 असा मोड द्या, म्हणजे दहा सेकंदांत आठच प्रवेश होतील. उरलेले थोडं थांबून येतील, बॅन कोणालाच लागणार नाही.

दुसरी गोष्ट नजरेतून सहज सुटते. /बॅन -केयू600 असा दहा मिनिटांचा बॅन तुमचं एमआयआरसी उठवतं, सर्व्हर नाही. मधेच तुमच्याकडे लाईट गेली की उठवणारा टायमर गेला आणि बॅन कायमचा राहिला. असे बॅन साचत जातात. लिबेरावर साध्या चॅनलची यादी शंभरच्या घरात भरते आणि खऱ्या हल्ल्याच्या वेळी जागाच नसते. आठवड्यातून एकदा यादी उघडून जुने बॅन हाताने काढा. चॅनल मोठं असेल तर हे काम घरच्या पीसीवर ठेवूच नका. एगड्रॉपसारखा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा. एगड्रॉप 1993 पासून याच कामासाठी वापरात आहे.

शब्दांची चाळणी

*गाढव* असा शब्द यादीत टाकला की स्वतःचं आडनाव गाढवे सांगणारा माणूस पहिल्याच ओळीत बाहेर जातो. तारांकन काढून पूर्ण शब्द जुळवा. उलट बाजूने, ‘घरबसल्या नोकऱ्या’ ही जाहिरात यादीत असूनही सुटते, कारण ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप होतो: एक खास ऱ वापरून, दुसरी साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडखूण लावून. डोळ्यांना सारखंच, स्क्रिप्टला वेगळं. दोन्ही रूपं यादीत टाका, आणि जुळवण्याआधी ‘स्ट्रिप’ लावून रंगाच्या व ठळक अक्षरांच्या खुणा काढा.

कोड उघडावा लागला तर

इथवर येऊन बिघाड राहिला असेल तरच. आधी फाइलची प्रत काढा.

मोजणीचा चल (व्हेरिएबल) कसा ठेवलाय ते पाहा. सगळ्या चॅनलसाठी एकच चल असेल तर चार जणांच्या साध्या गप्पाही एका माणसाचा फ्लड ठरतात. फक्त निकवर ठेवला तर निक बदलला की मोजणी शून्यावर जाते, फक्त पत्त्यावर ठेवला तर सामायिक पत्त्याचे सगळे एकत्र मोजले जातात. निक आणि पत्ता जोडून ठेवा. निक बदलण्याची पळवाट राहते, पण निष्पाप अडकत नाहीत.

मग खिडकी, म्हणजे मोजणीचा कालावधी, तपासा. प्रत्येक ओळीला पाच सेकंदांची मुदत नव्याने लागत असेल तर मोजणी कधी पुसलीच जात नाही, आणि दर चार सेकंदांनी एक ओळ लिहिणारा शांत माणूसही शेवटी अडकतो. पहिल्या ओळीची वेळ ‘सीटाइम’ने साठवा, फरक दहाच्या वर गेला की मोजणी एकपासून सुरू करा. ऑप, व्हॉइस (बोलण्याची खास परवानगी) असलेले आणि दुसऱ्या ॲपमधले संदेश आणणारा पूल-बॉट यांना सुरुवातीलाच वगळा. पूल-बॉटच्या एका निकखाली वीस माणसं बोलत असतात.

चाचणी स्वतःच्या रिकाम्या चॅनलवर करा, दुसऱ्या मोबाइलच्या नेटवरून. पाच ओळींचा मराठी परिच्छेद टाकल्यावर किक बसू नये, आणि दहा सेकंदांत नऊ छोट्या ओळी टाकल्यावर बसावी.

एका ओळीवर अनेकांचं कनेक्शन तुटत असेल तर स्क्रिप्टला हात लावू नका. काही जुने राउटर 6667 या पोर्टवर डीसीसी सेंडसारखा (फाइल पाठवण्याच्या आज्ञेसारखा) मजकूर दिसला की गोंधळतात. त्या सदस्यांना 6697 वर टीएलएसने जोडायला सांगा. मजकूर कूटबद्ध झाला की राउटरला दिसतच नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

चॅट बंद करूनही घरचं नेट मरत असेल तर मारा तुमच्या आयपीवर आहे. कोणतीही स्क्रिप्ट तो थांबवू शकत नाही. राउटर बंद करा आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीशी बोला. शेकडो निक येऊन एकाच वेळी अनेक चॅनलवर फ्लड होत असेल तर ते नेटवर्कच्या कर्मचाऱ्यांचं काम आहे. लिबेरावर /स्टॅट्स पी लिहिलं की कामावर असलेले कर्मचारी दिसतात.

अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या स्क्रिप्टमध्ये ‘डीकोड’, ‘रन’, ‘सॉकओपन’ असे शब्द आणि न वाचता येणारी लांब अक्षरमाळ दिसली तर ती चालवू नका, आणि कोणी चिकटवायला दिलेली तशी ओळही टाइप करू नका. 1997 मध्ये स्क्रिप्ट-डॉट-आयएनआय नावाचा किडा असाच आपोआप फाइल स्वीकारणाऱ्या एमआयआरसीमधून पसरला होता. फाइल आपोआप स्वीकारणं बंद ठेवा आणि ऑप्शन्समधल्या लॉक विभागात ‘रन’ व ‘डीएलएल’ बंद करा. अशी स्क्रिप्ट आधीच चालून गेली असेल तर नेट तोडा, दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला आणि मशीन जाणकाराकडून तपासून घ्या. घरीच फाइल पुसून ‘झालं’ म्हणू नका. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कोणालाही बोलावताना तीन गोष्टी द्या: सेकंदांसह लॉग, स्क्रिप्ट फाइलची न बदललेली प्रत, आणि घटनेची वेळ. वेळ भारतीय आहे, यूटीसीपेक्षा साडेपाच तास पुढे, हे सोबत लिहा. नाहीतर कर्मचारी सर्व्हरच्या नोंदींत चुकीच्या तासात शोधत बसतात.